उंबरठ्यावरच्या लोंब्या

कार्तिकात आमच्या गावाला विळ्यांच्या आवाजाने जाग येते. स्नान उरकून मी देवघरात बसतो, आणि पाठातल्या प्रत्येक विरामात बाहेरची ती खरखर आत शिरते. ओल्या दगडावर लोखंड घासले जात असते. आवाज आधी जाड असतो, मग बारीक होतो, आणि शेवटी जवळजवळ शिटीसारखा. धार लागली की माणूस अंगठा पात्यावरून आडवा फिरवून पाहतो आणि त्याच अंगठ्याने तंबाखू मळतो. जन्मापासून ऐकलेला हा आवाज मला नेहमी मंगल वाटत आला. दोन वर्षे झाली, तो कानी पडला की माझा पाठ चुकतो. परत आरंभापासून म्हणावा लागतो.

आमचे गाव नवेगाव बांधाच्या अलीकडे. तलावाचे पाणी पोहोचते तिथवर धान, आणि धान संपते तिथे जंगल. मी शाळेत चाळीस वर्षे संस्कृत शिकवले. वर्गात शरदाचे वर्णन करताना मी स्वच्छ आकाश, पिकलेली शेते आणि तृप्त माणसे एवढेच सांगत असे. खोटे सांगत नव्हतो, पण अर्धे सांगत होतो. बांधीत, म्हणजे धानाच्या त्या मातीने बांधून घेतलेल्या तुकड्यात, उभे राहून ज्याने कापणी पाहिली आहे, त्याला ठाऊक असते की ती शिस्तीने केलेली एक कत्तल आहे. कापणारे चारही धुऱ्यांवरून, म्हणजे शेताच्या बांधांवरून, आत सरकतात. उभे धान आक्रसत जाते आणि त्यात दडलेले जीव मधल्या उरलेल्या तुकड्यात गोळा होतात. उंदीर, लावे, ससे, एखादी धामण. तो तुकडा खोलीएवढा उरला की वारा नसताना लोंब्या थरथरू लागतात. मग माणसे विळे खाली ठेवतात आणि काठ्या उचलतात.

अशा एका कापणीच्या वेळी मी दहा वर्षांचा असेन. शेवटच्या पेंढीची पूजा सांगण्यासाठी वडील धुऱ्यावर उभे होते, हातात पळी आणि पंचपात्री. त्या तुकड्यातून रानडुक्कर फुटले. समोर उभ्या असलेल्या माणसाची मांडी त्याने गुडघ्यापासून वर एका झटक्यात उघडली. आतले पांढरे काही मी पाहिले, आणि मग ते लाल झाले. कुऱ्हाडी पडल्या. पहिल्या घावाने डुक्कर मेले नाही, चौथ्यानेही नाही. ते ओरडत राहिले आणि त्या ओरडण्यात माणसाचा स्वर होता. कापून ओळीने आडवे पसरलेले धान रक्ताने चिकट झाले. वडिलांच्या धोतरावर शिंतोडे उडाले होते. त्यांनी पंचपात्रीतले पाणी डोळ्यांना लावले, जखमी माणसाला बैलगाडीत घालून रवाना केले, आणि मागे वळून म्हणाले, "आता पूजा." त्यांच्या आवाजात कंप नव्हता. मला ते निष्ठुर वाटले. आज वाटते, भोवती पाच रक्ताळलेल्या कुऱ्हाडी असताना कोणीतरी सावकाश आवाजात काही सांगणे आवश्यक असते, आणि ते काम त्यांचे होते.

वडिलांकडे आणखी एक काम होते, आणि त्यांच्यामागे ते माझ्याकडे आले. आमच्याकडे कापणीच्या तोंडावर ज्याच्या मनात काही खुपत असते, तो सूर्यास्ताच्या सुमारास गुरुजींच्या उंबरठ्यावर लोंब्यांची मूठ ठेवून जातो. पळसाच्या पानात गुंडाळलेली, सुतळीने बांधलेली. प्रश्न बोलायचा नाही; बोलला की नासतो, अशी समजूत. सकाळी गुरुजींच्या मुखातून त्याच्याकरिता निघेल तो पहिला शब्द म्हणजे उत्तर. गावात कोणाच्या मनात काय खुपते हे गुरुजींना ठाऊक असतेच. म्हणून वडील उठल्यावर करदर्शन करीत, आपले दोन्ही तळहात पाहून नमस्कार करीत, आणि तसेच मौनात जाऊन उंबरठा पाहत. तिथे पान असेल तर ज्याचे असेल त्याच्या घरी जाऊन एक शब्द सांगत आणि मगच तोंड धूत.

डोमा तीन वर्षे ओळीने असे पान ठेवून गेला. डोमा आणि सुखदेव हे चुलतभाऊ. तळ्याकडची एक बांधी आपल्या बापाची, असे डोमा म्हणे. सुखदेव म्हणे, थोरल्या बाबांनी, म्हणजे डोमाच्याच बापाने, मरताना ती मला तोंडी दिली. कसत होता सुखदेव. दर कार्तिकात डोमाच्या मनात येई की आज जावे आणि उभे धान कापून आणावे. तो लोंब्या ठेवी. मी सकाळी त्याच्या अंगणात जाऊन म्हणे, "थांब." तो मान खाली घालून म्हणे, "होय जी." आणि वर्षभर थांबे. एवढ्या एका शब्दाला एवढे बळ कुठून येते, याचा मी कधी विचार केला नाही. ते माझेच बळ आहे असे मला वाटत असावे.

मग माझ्या हाती फोन आला.

पत्नी गेल्यानंतरचे ते दिवस होते. सून मीना हिने मला चित्रावर अक्षरे कशी लिहायची ते शिकवले. "मामाजी, इथं दाबा, मंग रंग निवडा. तुमचं हस्ताक्षर छान, पण तुमचे शब्द लय छान. ते बाहेर जाऊ द्या." सूर्योदय, कमळ, तलावावरचे बगळे, आणि त्यावर माझे एखादे वाक्य. मी फोनवर गावाचा समूह केला आणि रोज पहाटे एक चित्र पाठवू लागलो. आरंभी मी क्षमा, संतोष, मितभाषण यांवर लिहीत असे. चार-दोन जोडलेले हात परत येत. एकदा पोटदुखीच्या वैतागात मी जरा चढ्या सुरात लिहिले: "मी समर्थ आहे. मला अडवणारा अजून जन्मला नाही." त्या दिवशी फोन दुपारपर्यंत थरथरत राहिला. कुडव्याहून मुलीने कळवले की तिच्या शेजारच्या दुकानदाराने तेच चित्र तिला दाखवले, आणि हे आमच्या बाबांचे आहे हे त्याला खरे वाटेना.

स्तुतीची सवय लागायला फार दिवस लागत नाहीत. चहाच्या टपरीवर गणपतराव मला म्हणाले, "गुरुजी, काल तुमचा फोटो उशिरा आला त घरात चहाच नाही भेटला. मायी बायको म्हणते, आधी गुरुजीचा विचार येऊ द्या, मंग साखर टाकतो." सगळे हसले. मीही हसलो, आणि दुसऱ्या दिवसापासून पाच मिनिटे आधी उठू लागलो. हळूहळू माझी वाक्ये धारदार होत गेली. जिंका, भिडा, झेप घ्या, अडथळे तुडवा, मागे वळून पाहू नका. हे मी कोणासाठी लिहीत होतो? कचेरीत ज्याच्या तोंडून शब्द फुटत नाही अशा एखाद्या भिडस्त माणसाची आकृती माझ्या डोळ्यांसमोर असे. ज्याच्या हातात आधीच विळा आहे असा वाचक मी कधी कल्पिलाच नाही, आणि माझ्या समूहात तर घरोघरी विळा होता.

उठल्यावर मी तळहात पाहायला हात वर धरी तेव्हा त्यांत फोन असे. दर्शन होई ते फोनचेच. उंबरठ्याकडे माझे पाय वळायचे ते चित्र पाठवून झाल्यावर, कधी चहा झाल्यावर, कधी वळायचेच नाहीत.

दोन वर्षांमागच्या त्या कार्तिकी सकाळी मी पिकलेल्या बांधीचे चित्र निवडले होते. त्यात उगवता सूर्य आणि एका बाजूला विळा धरलेली मूठ. खाली मी सोनेरी अक्षरांत लिहिले: "जे माझे आहे ते घ्यायला मला कोणाची परवानगी लागत नाही. आज मी पाऊल उचलतो." वाक्य मला आवडले. त्यातला ताल मी दोनदा मनाशी म्हणून पाहिला आणि पाठवले. त्या सकाळचा तो माझा पहिला शब्द होता.

ऊन अंगणात उतरले तेव्हा तळ्याकडून बायकांचा ओरडा आला. मी पोहोचलो तेव्हा माणसे धुऱ्यावर उभी होती आणि कोणीच खाली उतरत नव्हते. डोमाने चार ओळी कापल्या होत्या. सुखदेव धावत आला तो खांद्यावरच्या दुपट्ट्यानिशी, रिकाम्या हातांनी. धान कापताना डावा हात बुडखा मुठीत आवळतो आणि उजवा विळा स्वतःकडे ओढतो. सुखदेवने डोमाच्या मुठीतला तोच बुडखा आपल्या उजव्या हाताने धरला. "सोड," तो म्हणाला. डोमाने ओढ थांबवली नाही. धान कापले जावे तसा मनगटाचा आवाज झाला, किंचित ओला, आणि सुखदेवचा पंजा एका कातडीने लोंबू लागला. तो ओरडला नाही. त्याने डाव्या हाताने चिखलाचे ढेकूळ उचलून डोमाच्या तोंडावर हाणले, पुन्हा हाणले, दात पडेपर्यंत हाणले. आणि डोमाने विळा त्याच्या खांद्यात रोवला आणि फिरवला. दोघे आडव्या धानावर पडून एकमेकांना चावत होते. पन्नाशीची दोन माणसे, एकाच आजीच्या मांडीवर जेवलेली. चौघांनी बांबू घालून त्यांना वेगळे केले तेव्हा डोमाच्या उरलेल्या दातांत सुखदेवच्या कानाचा तुकडा होता. सुखदेवच्या बायकोने लुगड्याचा पदर फाडून मनगट आवळले. ती नुसती म्हणत होती, "उजवा हाय गा, उजवा हाय."

हात वाचला नाही. गोंदियाच्या दवाखान्यात तो मनगटाच्या वरून काढावा लागला.

पोलिसांची गाडी आली तेव्हा डोमा धुऱ्यावर बसून रक्त थुंकत होता. "काऊन केलास रे?" कोणीतरी विचारले. तो म्हणाला, "गुरुजीनं हो म्हटलं. सकाळीच म्हटलं." शिपायाने वहीतून मान वर केली. "कौन से गुरुजी?" डोमाने माझ्याकडे पाहिले. मी दहा हातांवर उभा होतो. फोन माझ्या बंडीच्या खिशात होता. त्याने माझ्या चेहऱ्यावर काय वाचले कोण जाणे. तो म्हणाला, "नाही साहेब. कोनी नाही. मीच." आणि मी त्याला तसे म्हणू दिले. चाळीस वर्षे सत्य या विषयावर मुलांकडून निबंध लिहून घेतलेला माणूस मी, तिथे उभा राहिलो आणि माझी जीभ हलली नाही.

घरी परतलो. उंबरठ्याच्या कोपऱ्यात, चपलांच्या मागे, दोन कोंबड्या कशावर तरी चोच मारीत होत्या. पळसाचे पान फाटले होते. सुतळी तशीच होती. आदल्या संध्याकाळी ठेवलेल्या लोंब्यांतले पाच-सहा दाणे उरले होते. डोमाने चौथ्या वर्षीही विचारले होते. त्याला चौथ्यांदाही मी "थांब" म्हटले असते.

त्यानंतर मी चित्र पाठवले नाही. समूह मोडला नाही, नुसता गप्प झालो. काहींनी प्रकृतीची चौकशी केली. काही दिवसांनी दुसऱ्या कोणाची फुले आणि सूर्योदय येऊ लागले. जुनी चित्रे मी एकदा ओळीने पाहिली. एका बाजूला कमळे, आणि त्यांवर सगळे शब्द हत्यारांचे. देवापुढे बसून मी बऱ्याच गोष्टींची क्षमा मागितली आहे, पण ही मागताना माझ्या लक्षात येई की ज्याच्याकडे मागायची तो सुखदेव अर्ध्या कोसावर राहतो, आणि मी तिथे जात नाही.

या दसऱ्याला डोमा जामिनावर सुटून आला. त्याची आणि सुखदेवची शेते एकाच धुऱ्याने जोडलेली आहेत. कापणीच्या दिवसांत दोघांना रोज त्या धुऱ्यावर यावेच लागते. वाद असलेली बांधी दोन वर्षे पडीक आहे. तिथे आता गवत माजले आहे आणि त्यात लावे राहतात.

आणि बारा दिवसांपूर्वी सकाळी माझ्या उंबरठ्यावर पान होते. फोन आता कपाटात असतो, त्यामुळे तळहात पाहून उठलो आणि सरळ दाराशी आलो. सुतळीची गाठ विचित्र होती. एका टोकावर दातांचे वळ उमटले होते. एका हाताने आणि दातांनी बांधलेली गाठ. नाव कोणाला विचारायला नको होते, आणि प्रश्नही.

काठी घेऊन निघालो. सुखदेवच्या अंगणाच्या वळणावरच तो आवाज ऐकू आला. इतर विळ्यांहून हा वेगळा वाजतो. माणसे दगड जमिनीवर ठेवून त्यावर विळा घासतात. तो विळ्याची मूठ पायाखाली दाबतो आणि डाव्या हाताने दगड पात्यावरून फिरवतो. तुटक, ओबडधोबड, एका दमाला चार वेळा. मला पाहून त्याने हात थांबवला. उठला नाही.

मी म्हणालो, "सुखदेव, आधी एक ऐक. त्या दिवशी डोमाला जा म्हणून सांगणारा मी होतो. फोनवरून. मी उंबरठा न पाहता ते पाठवले."

"मले मालूम हाय जी," तो म्हणाला. "दोन सालापासून मालूम हाय. त्याचा फोन मी पाहालो होतो ना, तिथंच चिखलात पडला होता. तुमचाच फोटो होता त्याच्यावर." त्याने दगड बाजूला ठेवला. "म्हणून त तुमच्याच दारात ठेवलो. त्याले सांगतलं तसं मलेबी सांगा. जा म्हणा."

घरातून त्याची बायको दाराशी येऊन उभी राहिली होती. तिच्या हातात पिठाचे ताट होते. मला उमगले की बाराही महिने ती हा आवाज ऐकते आहे.

"थांब," मी म्हणालो.

तो हसला. तुटलेल्या कानापासून गालावर उतरलेल्या व्रणामुळे ते हसणे एकीकडेच होते. "तुमचा हात गेला असता त थांबले असते का जी?"

"ठाऊक नाही."

"कईपर्यंत थांबू?"

डोमाला हा प्रश्न तीन वर्षांत सुचला नव्हता, आणि मलाही उत्तर कधी शोधावे लागले नव्हते. मी म्हणालो, "उद्या सकाळी मी येईपर्यंत."

"अना नाही आले त?"

मी काठी दुसऱ्या हातात घेतली. त्याने माझ्या गुडघ्यांकडे पाहिले, काठीकडे पाहिले, आणि म्हणाला, "ठीक हाय. उद्यापर्यंत."

तेव्हापासून रोज जातो. अर्धा कोस धुऱ्यावरून, दवाने निसरडा झालेला. वाटेत डोमा त्याच्या बांधीत दिसतो. एकदा त्याच्यापाशीही उभा राहिलो आणि म्हणालो की शिपायाने विचारले तेव्हा मी बोलायला हवे होते, आणि आता कोर्टात बोलणार आहे. तो पेंढी बांधत राहिला. "राहू द्या जी," एवढेच म्हणाला. राहू देणार नाही. पण कापणी संपेपर्यंत माझी सकाळ दुसऱ्या कामाला बांधलेली आहे. धान कापून, खळ्यावर चुरून घरात गेले की त्या दोघांना एका धुऱ्यावर यावे लागणार नाही. तोवर एका सकाळीही चुकता येत नाही. जो शब्द मी पूर्वी वर्षातून एकदा सांगत असे तो आता रोज वाहून न्यावा लागतो, आणि रोज तो कालच्यापेक्षा जड असतो.

आज गुडघा सुजून लाकडासारखा झाला होता. मीना म्हणाली, "मामाजी, आजच्या दिवस फोन करून द्या ना. थांब इतकंच त म्हणायचं हाय. नाही त लिहून पाठवा, मी छान अक्षरात करून देतो." तिला दोष नाही. मी डोके हलवले आणि चपला मागितल्या. पण धुऱ्यावर दोनदा बसावे लागले. ऊन चढले. कापणारे चारही बाजूंनी आत सरकले होते आणि एका बांधीच्या मध्यावर उरलेला तुकडा हलू लागला होता. दगडाचा तो तुटक आवाज कुठूनच येत नव्हता. विळा घासून झाला असेल तर आवाज बंदच होणार, हे माझ्या मनात आले. देवाचे नावही धड घेता येईना. समोर डोमा पाठमोरा, वाकलेला, मान उघडी.

वळणावर पोहोचलो. सुखदेव उंबरठ्यावर बसला होता. विळा त्याच्या पायाखाली, दगड शेजारी, कोरडा.

"उशीर केला जी आज," तो म्हणाला.

मला दम लागला होता. मी दाराच्या चौकटीला धरून म्हणालो, "थांब."

"थांबलोच होतो ना," तो म्हणाला, आणि डाव्या हाताने पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला. "उद्या लवकर येजा."